ऐक्याचा सोहळा नको, कामाची बैठक हवी

भिवंडीत १९७० च्या मे महिन्यात भीषण दंगल झाली. १९८४ साली, पुन्हा मे महिन्यातच, ती पेटली. हिंदू-मुस्लिम तणावाचा विषय निघाला की यंत्रमागांच्या या शहराचं नाव आपोआप तोंडी यावं, इतकं ते बदनाम झालं होतं. तरीही डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यावर आणि जानेवारी १९९३ मध्ये, शेजारची मुंबई जळत असताना, भिवंडी शांत राहिली.

या शांततेमागे अनेक कारणं असतील, पण एक ठळक दिसतं. १९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आले आणि त्यांनी वस्त्यावस्त्यांत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समित्या त्याआधीही होत्या, आजही आहेत. सण तोंडावर आला की पोलीस ठाण्यातून निरोप जातो, दोन्हीकडची प्रतिष्ठित मंडळी जमतात, चहा होतो, सहकार्याचं आश्वासन देऊन सगळे घरी जातात. मोहल्ला समितीची घडण वेगळी होती. तिच्यात त्या त्या गल्लीतली साधी माणसं होती, दोन्ही धर्मांची, बरोबरीच्या संख्येने. वातावरण निवळलेलं असतानाही बैठका होत. अफवा, छोटी भांडणं, वाटेवरच्या अडचणी यांवर बोलणं होई आणि वस्तीतला पोलीस त्यात बसलेला असे. दंगलीच्या दिवशी ओळख करून घ्यायची वेळच आली नाही, कारण ओळख चार वर्षं जुनी होती.

माझं म्हणणं याच अनुभवाच्या आधाराने उभं आहे. वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांना जवळ आणायचं असेल, तर त्यांना दोघांनाही गरज असलेल्या एखाद्या कामासाठी बोलवा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा बोलवा आणि त्या कामाच्या जबाबदाऱ्या त्यांच्यात मिसळून वाटा. सद्भावना त्या कामातून येते. कामाआधी तिची मागणी केली तर माणसं ती शब्दांत देतात आणि शब्दांतच राहते.

सर्वधर्मीय मेळावे भरवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. बहुतेक ठिकाणी चार-पाच माणसं स्वतःच्या खिशातून खर्च करतात, स्वतःच्या समाजातल्या कडव्यांचे टोमणे खातात आणि तरी हॉल घेतात, खुर्च्या मांडतात. वस्तीत संख्येने कमी असलेल्या कुटुंबाला अशा कार्यक्रमाचा फलक दिसला तरी धीर येतो. हे कमी मोलाचं नाही. अडचण आहे ती मेळाव्याच्या रचनेत. तिथे आलेला माणूस 'हिंदू' म्हणून, 'मुस्लिम' म्हणून, 'ख्रिस्ती' किंवा 'बौद्ध' म्हणून येतो. त्याच्या पाठीमागे हजारो माणसं उभी असल्यासारखं त्याला बोलावं लागतं, आणि इतक्यांच्या वतीने बोलणारा माणूस जपूनच बोलतो. आपला धर्म शांतीच शिकवतो, हे प्रत्येक जण सांगतो. ते खरंही असतं. पण त्यातून शेजारच्या माणसाबद्दल ऐकणाऱ्याला काहीच नवं कळत नाही. तोच माणूस तुंबलेल्या गटाराच्या बैठकीला येतो तेव्हा तळमजल्यावरच्या, घरात पाणी शिरणाऱ्या खोलीतला माणूस म्हणून येतो. त्याचा धर्म तिथेही त्याच्याबरोबर असतो, पण बाजूने येतो. पुढची बैठक शुक्रवारी दुपारी नको, रविवारी सकाळी नको, उपवास आहेत तर खाणं संध्याकाळनंतर ठेवू, असं बोलता बोलता निघतं. धर्माची ओळख होण्याची ही वाट भाषणापेक्षा मला जास्त भरवशाची वाटते.

नुसतं एकत्र आणल्याने काय होतं, याचा एक जुना प्रयोग आहे. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं उन्हाळी शिबिर भरवलं. मुलांचे दोन गट पाडले, त्यांच्यात स्पर्धा लावल्या आणि थोड्याच दिवसांत झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग शेरीफने त्यांना एकत्र आणायचं ठरवलं. एकत्र जेवण, एकत्र सिनेमा. जेवणाच्या टेबलावर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. वैर ओसरायला लागलं ते शिबिराचं पाणी बंद पडलं आणि बिघाड कुठे आहे हे सगळ्यांनी मिळून शोधावं लागलं तेव्हापासून. अडकलेली गाडी ओढायला दोन्ही गटांचे हात लागले, तेव्हा त्यांची नावं बाजूला पडली. ही सगळी मुलं एकाच धर्माची, एकाच पंथाची, सारख्याच घरांतली होती. फूट पाडायला धर्म लागतोच असं नाही, आणि ती बुजवायला एकत्र पंगत पुरतेच असंही नाही.

त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी अभ्यासकाने परस्परसंपर्कातून पूर्वग्रह कधी कमी होतात याच्या अटी मांडल्या. दोन्ही बाजूंचा दर्जा त्या ठिकाणी सारखा हवा, उद्दिष्ट सामाईक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी आणि कायद्याचा, संस्थांचा, अधिकाराच्या जागांचा त्याला पाठिंबा हवा. सत्तर वर्षांनंतरही या विषयावरची चर्चा इथूनच सुरू होते. कुठल्याही स्नेहमेळाव्याला या चार अटी लावून पाहाव्यात. बहुतेक ठिकाणी पहिली अट कशीबशी भागते आणि मधल्या दोन तर विचारातच घेतलेल्या नसतात.

भारतापुरतं बोलायचं तर राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांचा अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची त्यांनी मोजदाद केली. देशाची बहुसंख्य लोकसंख्या खेड्यांत असूनही दंगलीतल्या मृत्यूंपैकी चार टक्क्यांहून कमी मृत्यू खेड्यांत झाले होते. उलट आठ शहरांत मिळून जवळपास ४६ टक्के. असं का व्हावं? खेड्यात माणसं एकमेकांना ओळखतात, रोजचा राबता असतो, आणि तेवढ्यावर अफवा अडते. मोठ्या शहरात लाखो लोक एकमेकांना ओळखू शकत नाहीत. तिथे शेजारधर्म हवाच, पण राजकारणाने जोर लावला की तो तुटतो. टिकतात त्या दोन्ही धर्मांचे सभासद असलेल्या संघटना: व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या, वाचनालयांच्या, वकील-डॉक्टरांच्या. वार्ष्णेय यांनी केरळमधलं कालिकत (आजचं कोझिकोड) आणि उत्तर प्रदेशातलं अलीगढ ही मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं असलेली शहरं शेजारी ठेवली. कालिकतमध्ये जवळपास ९० टक्के कुटुंबांनी सांगितलं की आमची मुलं एकमेकांत खेळतात. अलीगढमध्ये ४२ टक्क्यांनी. आणि कालिकतमध्ये या घरगुती संबंधांच्या वर संघटनांचं दाट जाळं होतं. तिथल्या व्यापारी संघटनेत बसलेल्या माणसाला दंगल झाली तर स्वतःचा धंदा बुडताना दिसत होता, त्याच्या दुसऱ्या धर्माच्या भागीदारालाही. दोघांचं हित एकाच खातेवहीत लिहिलेलं होतं.

म्हणून 'ऐक्य' हा शब्द जिच्या नावातच नाही, अशा संस्थेकडून मला अधिक आशा आहे. पालकांची समिती, पाणीवाटप समिती, वाचनालय, रक्तदात्यांची यादी ठेवणारं मंडळ, बचतगट, गृहनिर्माण संस्था. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं शतकभर वेगवेगळ्या शाळांत जात होती. १९८१ साली काही पालकांनीच पुढाकार घेऊन बेलफास्टमध्ये लॅगन कॉलेज ही एकत्र शाळा २८ मुलांवर सुरू केली, तीही रोज बॉम्ब फुटत होते अशा काळात. तिथले पालक शांततेवर परिषद भरवत नव्हते. शिक्षक नेमणं, जागा शोधणं, फी जमवणं ही कामं ते मिळून करत होते.

अशी बैठक जवळून पाहिली तर सुरुवातीला निराशाच होते. पहिल्या पंधरा मिनिटांत माणसं ओळखीच्या चेहऱ्याशेजारी जाऊन बसतात आणि न ठरवता खोलीचे दोन भाग पडतात. बोलणारे दोघे-तिघेच, बाकीचे फोनमध्ये. यावर भाषण हा उपाय नाही. कामाचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकडा दोन वेगळ्या घरांतल्या माणसांना द्यावा. पंप बंद पडला तर मेकॅनिकला कोण बोलावणार आणि पैसे कोण गोळा करणार, ही जोडी मुद्दाम मिश्र ठेवावी. बँकेतलं खातं दोन सह्यांचं असावं आणि त्या दोन सह्या एकाच समाजाच्या नसाव्यात. सामान ठेवायच्या खोलीच्या दोन किल्ल्याही तशाच. बारीकसारीक वाटणाऱ्या या व्यवस्थेमुळे महिन्यातून दोनदा तरी एकाला दुसऱ्याच्या दारात जावंच लागतं. सही हवी असते, किल्ली हवी असते. दार उघडतं, आत कोणी आजारी असेल तर चौकशी होते, मुलाचा निकाल कळतो. वर्षभरात भांडणंही होतात. पंपाचं बिल जास्त का आलं, वर्गणी कोणी दिली नाही, हिशेब उशिरा का मांडला. ही भांडणं मला मोलाची वाटतात. धर्माच्या रेषेवरून न होणारं भांडण आणि त्यानंतरही पुढच्या बैठकीला दोघांचं येणं, यातून जो भरवसा तयार होतो तो गोड बोलण्यातून होत नाही.

त्याची कसोटी एखाद्या रात्री लागते. साडेदहा वाजता व्हॉट्सॲपवर मजकूर येतो, अमुक प्रार्थनास्थळावर दगड पडला, चौकात जमाव आहे. पुढच्या दहा मिनिटांत कोण कोणाला फोन करतो, यावर पुष्कळ काही ठरतं. वर्षातून एकदा ज्याच्याशी हात मिळवला त्याला अशा वेळी फोन करायला जीभ रेटत नाही. बिलावरून ज्याच्याशी तीनदा वाद घातला आहे त्याला मात्र माणूस फोन लावतो आणि थेट विचारतो, "तुमच्याकडे खरंच काही झालंय का?" तो खिडकीतून बघून सांगतो. कधी तो सांगतो, हो, एक दगड पडला, पोरं पळून गेली, आम्ही पोलिसांना कळवलं आहे. खरी घटनाही मग तिच्या आकाराएवढीच राहते. म्हणून समितीने हा फोन कोणी कोणाला करायचा ते आधीच ठरवून ठेवावं. चार नावं, चार नंबर, भिंतीवर लावलेले.

या मार्गाला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. इस्लामिक स्टेटच्या हल्ल्यांनी विस्थापित झालेल्या इराकी ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल स्पर्धेत सलमा मूसा या संशोधिकेने काही संघांत तीन-तीन मुस्लिम खेळाडू घातले, काहींत तितकेच ख्रिस्ती. २०२० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुस्लिम सोबती मिळालेले ख्रिस्ती खेळाडू स्पर्धेनंतर सहा महिन्यांनीही मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करताना दिसले, पुढच्या हंगामात मिश्र संघात नाव नोंदवायला तयार झाले. पण मुस्लिमबहुल मोसुल शहरातल्या उपाहारगृहात जाण्याइतका त्यांचा विश्वास वाढला नव्हता. मैदानात कमावलेला भरवसा मैदानाजवळच राहिला. मला यातून निराशा येत नाही. यातून एक समिती पुरणार नाही एवढं समजतं. शाळेत एक, बाजारात एक, इमारतीत एक असं करत जावं लागेल, आणि त्यांत काही माणसं सामाईक असावी लागतील.

खेळाचा विषय निघालाच आहे तर आपल्याच इतिहासातली एक गोष्ट सांगायला हवी. मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे धर्म आणि वंशावर बेतलेले क्रिकेट संघ एकमेकांविरुद्ध खेळत. सामने रंगतदार होत, गर्दी उसळत असे. गांधीजींनी १९४० साली या रचनेला विरोध केला आणि १९४६ नंतर ती स्पर्धा झाली नाही. आजही सद्भावनेच्या हेतूने 'या समाजाचा संघ विरुद्ध त्या समाजाचा संघ' असे सामने भरवणारे आहेत. त्यांनी कृपा करून संघ आतून मिसळावेत. उत्तर प्रदेशातल्या तरुणांवर जातींच्या संदर्भात मॅट लो या संशोधकाने केलेल्या प्रयोगात हेच दिसलं, की एका संघातून खेळल्याने मैत्री वाढते आणि समोरासमोर उभं केल्याने ती वाढत नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो बहुधा अल्पसंख्य समाजातून येतो. तुमच्या या गोड बैठका अन्याय झाकतात, असं ते म्हणतात. एकमेकांतली साम्यं शोधण्यात वेळ गेला की, घर भाड्याने नाकारलं जातं, नोकरीत नाव वाचून अर्ज बाजूला पडतो, हे बोलायचं राहूनच जातं. या म्हणण्यात तथ्य आहे. तमार सागुई या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, फक्त साम्यांवर बोललेल्या गटांतल्या दुबळ्या बाजूने समोरच्यांकडून न्याय्य वाटपाची अपेक्षा ठेवली. प्रत्यक्षात बलवान बाजूने तसं वाटप केलं नाही. स्नेहाने एका बाजूची सावधगिरी तेवढी कमी झाली. म्हणून समितीच्या विषयपत्रिकेवर अवघड विषय यायलाच हवेत. पहिल्या बैठकीत आणले तर खोली रिकामी होईल, हे खरं. पण दोन वर्षं पाणी आणि गटारांवर काम केलेल्या समितीत 'आपल्या इमारतीत अमुक धर्माच्या भाडेकरूला खोली का मिळत नाही' हा प्रश्न मांडता येत नसेल, तर त्या समितीत काहीतरी खोटं चाललं आहे. तिथे जो गप्प बसतो त्याला दर्जा मिळालेला नाही, फक्त खुर्ची मिळालेली आहे.

दुसरा आक्षेप असा, की दंगली शेजारी घडवत नाहीत, राजकारण घडवतं. मग शेजाऱ्यांच्या बैठकीने काय होणार? बोस्नियातल्या साराजेव्हो शहरात वेगवेगळ्या धर्मांची माणसं एकाच इमारतीत पिढ्यानपिढ्या राहत होती, आपसांत लग्नं होत होती, तरी १९९२ साली युद्ध आलंच. हे मी नाकारत नाही. सैन्य आणि सत्ता ठरवून उतरली तर वस्तीतली समिती तिला थोपवू शकत नाही. पोलिसांचं काम पोलिसांनी आणि न्यायालयाचं न्यायालयानेच करायचं असतं. भिवंडीत समित्या टिकल्या त्यामागे एक पोलीस अधिकारी होता. मुंबईत १९९४ पासून मोहल्ला समित्यांचं काम उभं राहिलं त्यात तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश सहानी, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांचा वाटा होता. पण उलट बाजूही पाहा. दंगल घडवणाऱ्याला सुद्धा वस्तीत हात लागतात: अफवा नेणारा, घर दाखवणारा, दगड गोळा करणारा. ते हात मिळणं अवघड करणं, हे वस्तीच्या हातात आहे.

आणि ज्यांनी हिंसा केली त्यांनाही यातून वगळू नये. नायजेरियातल्या कडुना शहरात इमाम मुहम्मद अशाफा आणि पाद्री जेम्स वुये हे एकेकाळी परस्परविरोधी सशस्त्र गटांत होते. १९९२ च्या हिंसाचारात वुयेंनी हात गमावला, अशाफांनी आपले गुरू आणि दोन चुलतभाऊ गमावले. १९९५ साली दोघांनी मिळून समेटाचं काम करणारी संस्था उभी केली. त्यांच्यात भरवसा एका भेटीत आला नाही; मनात सूड असताना शेजारी बसण्याची काही वर्षं गेली. आपल्याकडच्या बैठकांत मात्र आधीच समंजस असलेली, साठीकडे झुकलेली, शिकलेली पुरुष मंडळीच दिसतात. ज्या पोरांच्या हातून पहिला दगड सुटतो ती तिथे नसतात आणि ज्या बायकांना गल्लीतली खडान्‌खडा बातमी असते त्याही नसतात. बायकांच्या सोयीची वेळ ठेवायची तर लहान मुलांना सांभाळायला कोणीतरी नेमावं लागतं. पोरांना यायला लावायचं तर त्यांना खऱ्या अधिकाराचं काम द्यावं लागतं, मैदानाचं वेळापत्रक ठरवण्याचं, आवाजाच्या यंत्रणेच्या भाड्याचं, मिरवणुकीच्या वाटेवर स्वयंसेवक लावण्याचं. उपदेश ऐकायला ती येणार नाहीत, आणि का यावीत?

नगरपालिका, कंपन्या, विश्वस्त संस्था या कामाला पैसा देतात तेव्हा त्यांना मंचावरचा एक मोठा दिवस हवा असतो. माझी त्यांच्याकडे मागणी आहे, की तोच पैसा बारा महिने मिळणाऱ्या एका खोलीला द्या. ती खोली शाळेची, वाचनालयाची अशी असावी, कुणाच्याच प्रार्थनास्थळाला लागून नसावी. थोडा पैसा मुलं सांभाळणाऱ्या बाईंना आणि हिशेब लिहिणाऱ्याला मानधन म्हणून द्या. वर्षाअखेरीच्या अहवालात उपस्थितांचा आकडा मागू नका. ठरलेल्या दिवशी किती बैठका झाल्या, खात्यावर कोणाकोणाच्या सह्या आहेत, वर्षभरात कोणता वाद मिटला आणि कोणता मिटला नाही, हे विचारा. न मिटलेल्या वादाबद्दल लिहिणाऱ्या समितीला पुढच्या वर्षीचा पैसा आधी द्या.